पाच गिनी आणि १७९ मतं : लिअरी कॉन्स्टंटाइन

पारावरचा पंच (धागाकर्ता)

परवा शेजारच्या धाग्यावर क्षेत्ररक्षकांवरून जुंपली होती. सोलकर, पतौडी, जॉन्टी असं सगळं चाललेलं असताना मी मध्येच "लिअरी कॉन्स्टंटाइन" एवढंच टाकून पळालो. त्यावर एकाने विचारलं, "हा तोच का, जो पुढे मंत्री झाला?"

तोच. वेस्ट इंडिजचा हा क्रिकेटपटू पुढे त्रिनिदादमध्ये मंत्री झाला, उच्चायुक्त झाला, सर झाला, शेवटी लॉर्डही झाला. पण क्रिकेटवाले त्याचं राजकारण दोन ओळींत उरकतात आणि राजकारणवाले 'माजी क्रिकेटपटू' म्हणून त्याला बाजूला बसवतात. म्हणून हा वेगळा धागा. क्रिकेट थोडक्यात आटपणार आहे, रागावू नका.

जन्म २१ सप्टेंबर १९०१, त्रिनिदाद बेटावरचं पेटी व्हॅली. वडील लेब्रन कोकोच्या मळ्यावर मुकादम. तेही पट्टीचे खेळाडू. १९०० साली वेस्ट इंडिजचा संघ इंग्लंडला निघाला तेव्हा पदरी पैसे नाहीत म्हणून लेब्रन घरीच राहिले होते. मग लोकांनी वर्गणी काढली, लाँच भाड्याने घेतली आणि बंदर सोडून गेलेल्या बोटीवर त्यांना चढवलं, असं सांगतात. त्याच दौऱ्यात लेब्रननी लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध ११३ काढल्या.

मुलगा शाळा संपवून वकिलांच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटला. त्या काळच्या त्रिनिदादमध्ये काळ्या पोराची धाव साधारण तिथपर्यंतच असायची: दुसऱ्यांच्या दाव्यांची कागदपत्रं उतरवून काढायची, स्वतः वकील व्हायच्या फंदात पडायचं नाही. त्या पिंजऱ्यातून बाहेर पडायची एकच खिडकी होती, ती म्हणजे क्रिकेट. जून १९२८ मध्ये लॉर्ड्सवर मिडलसेक्सविरुद्ध त्याने पहिल्या डावात ८६ केल्या, मग ५७ धावांत ७ बळी घेतले आणि दुसऱ्या डावात तासाभरात १०३ ठोकून सामना काढून दिला. पुढच्या वर्षी लँकेशायरमधल्या नेल्सन या गिरणगावाने त्याला व्यावसायिक खेळाडू म्हणून बोलावलं. १९२९ ते १९३७ या नऊ हंगामांत नेल्सनने लीग सात वेळा जिंकली आणि उरलेल्या दोन वेळा दुसरा क्रमांक मिळवला.

नेल्सनमध्ये तोवर काळा माणूस जवळजवळ कोणी पाहिलेलाच नव्हता. सुरुवातीला पोरं खिडकीला नाक लावून आत बघायची, घाणेरडी निनावी पत्रं यायची. पत्नी नॉर्मा आणि तो परत जायच्या बेतात होते. पण राहिले, १९४९ पर्यंत. पुढे १९६३ मध्ये याच गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं.

आता मुद्द्याकडे. माझ्या मते त्याच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात ना पक्षात झाली ना सभेत. ती झाली दुसऱ्या महायुद्धात, लिव्हरपूलच्या एका सरकारी टेबलामागे. कारखान्यांत काम करायला कॅरिबियनमधून तंत्रज्ञ आणले जात होते आणि श्रम मंत्रालयाने त्यांच्यासाठी कॉन्स्टंटाइनला कल्याण अधिकारी नेमलं. काम काय, तर घरमालकीण खोली देत नाही, तिच्याशी बोल. फोरमन मशीनवर उभं करत नाही, त्याच्याशी बोल. युनियन कुरकुरते, तिला समजाव. भाषण नाही, हार नाहीत. एका माणसाची एक अडचण, मग दुसऱ्याची.

आणि मग अडचण त्याच्यावरच आली. जुलै १९४३ च्या अखेरीस लॉर्ड्सवर सामना खेळायला तो बायको-मुलीसह लंडनला आला. रसेल स्क्वेअरच्या इंपीरियल हॉटेलात चार रात्रींची खोली आगाऊ पैसे भरून ठेवलेली. रंगाची काही अडचण नाही ना, हेही आधी विचारून घेतलेलं. आल्यावर सांगण्यात आलं, एकच रात्र राहता येईल, कारण हॉटेलात अमेरिकन पाहुणे आहेत आणि त्यांना चालणार नाही. व्यवस्थापक बाईंनी वापरलेला शब्द इथे लिहीत नाही. मंत्रालयातला त्याचा गोरा सहकारी सोबत होता, त्याने भांडून पाहिलं. शेवटी कुटुंब दुसऱ्या हॉटेलात गेलं.

गप्प बसला असता तर कोणी नावं ठेवली नसती. युद्ध चालू, हा सरकारी नोकर. पण तो न्यायालयात गेला. वर्णभेदाविरुद्ध ब्रिटनमध्ये तेव्हा कायदाच नव्हता. त्याच्या वकिलांनी जुना सरायवाल्यांचा नियम काढला: प्रवाशांसाठी उघडलेल्या सरायवाल्याने, खोली असताना आणि गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार असताना, सबळ कारणाशिवाय दार लावायचं नाही. जून १९४४ मध्ये न्या. नॉर्मन बर्केट यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. भरपाई पाच गिनी.

पुढचं राजकारण पटकन सांगतो. १९५४ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तो बॅरिस्टर झाला आणि त्याच वर्षी एका तेल कंपनीत कायदा सल्लागार म्हणून त्रिनिदादला परतला. जानेवारी १९५६ मध्ये एरिक विल्यम्स (पुढे त्रिनिदादचे पंतप्रधान) यांनी पीपल्स नॅशनल मूव्हमेंट, म्हणजे पीएनएम, काढली. कॉन्स्टंटाइन तिचा पहिला अध्यक्ष. सप्टेंबरात निवडणूक झाली. ट्युनापुना मतदारसंघातून तो १७९ मतांनी निवडून आला. होय, एकशे एकोणऐंशी. देशातला सर्वांत प्रसिद्ध माणूस! मग दळणवळण, बांधकाम आणि सार्वजनिक सेवा खात्याचा मंत्री. रस्ते, वीज, पाणी, रेल्वे, सगळ्या शिव्या खाणारी खाती एकाच माणसाकडे. १९६१ च्या निवडणुकीला तो उभा राहिला नाही. लंडनला उच्चायुक्त म्हणून गेला.

तिथे १९६३ मध्ये ब्रिस्टलचं प्रकरण झालं. त्यासाठी वेगळा प्रतिसाद लिहितो, हात दुखले.

---

कोकमसरबत

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

दुपारची पाळी

"क्रिकेट थोडक्यात" म्हणून १८ कसोटी आणि ५८ बळी खाऊन टाकलेत की राव! निदान त्याच्या गोलंदाजीबद्दल दोन ओळी हव्या होत्या.

पण धागा झकास. एक शंका: पाच गिनी म्हणजे किती? आणि एवढ्याशा रकमेसाठी हायकोर्ट?

---

काळा डगला

@दुपारची पाळी, एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, त्यामुळे पाच पौंड पाच शिलिंग. रक्कम नाममात्र होती आणि ती तशीच असणार होती. त्याचं आर्थिक नुकसान काही झालं नव्हतं, दुसऱ्या हॉटेलात खोली मिळाली होती. निकालातली गंमत नेमकी तीच आहे. "तुमचं काय बिघडलं, झोपायला जागा मिळाली ना?" या प्रश्नाला न्यायालयाने उत्तर दिलं की हक्क मोडला म्हणजे नुकसान वेगळं सिद्ध करायची गरज नाही. कायद्याच्या वर्गात हा खटला आजही शिकवतात, आणि विद्यार्थ्यांना शेवटपर्यंत कळत नाही की फिर्यादी जलदगती गोलंदाज होता.

त्याच्या बाजूने सर पॅट्रिक हेस्टिंग्ज आणि त्यांच्यासोबत रोझ हाइलब्रन उभ्या होत्या. हाइलब्रनबाई तेव्हा तिशीच्याही नव्हत्या, पुढे त्या न्यायाधीश झाल्या. त्यांच्यावर स्वतंत्र धागा होईल.

---

सदाफुली

माणूस लॉर्ड झाला तरी तुम्ही अरे-तुरेच करताय? वडिलांना अहो-जाहो आणि मुलाला 'तो'?

---

पारावरचा पंच

@सदाफुली, आपल्याकडे आवडत्या खेळाडूला आणि देवाला अरे-तुरेच करतात. वडिलांशी तेवढी ओळख नाही.

@काळा डगला, आभार. मी नियम ढोबळ सांगितला होता, तुम्ही नीट मांडलात.

आता ब्रिस्टल. शहराच्या बस कंपनीत चालक-वाहक म्हणून गोऱ्यांशिवाय कोणाला घेत नसत. कारखान्यात, वर्कशॉपमध्ये चालेल, बसवर नाही. नुसती कंपनीच अशी होती असंही नाही, स्थानिक युनियनच्या शाखेने १९५५ मध्येच तसा ठराव केला होता. १९६३ च्या एप्रिलमध्ये गाय बेली या तरुणाला, तो जमैकाचा आहे हे कळताच, मुलाखत नाकारली गेली. पॉल स्टीफनसन आणि तिथल्या कॅरिबियन मंडळींनी बसवर बहिष्कार पुकारला.

कॉन्स्टंटाइन तेव्हा त्रिनिदादचा उच्चायुक्त. तरुण होता जमैकाचा, कंपनी ब्रिटिश, भांडण ब्रिस्टलचं. राजनैतिक शिष्टाचार सांगतो की यजमान देशाच्या घरगुती मामल्यात परक्या देशाच्या प्रतिनिधीने तोंड घालू नये. याने कंपनीला पत्र लिहिलं आणि वर्तमानपत्रांशीही बोलला. मे महिन्यात वेस्ट इंडिजचा ब्रिस्टलला ग्लॉस्टरशायरशी सामना होता. तिथे गेला तो क्रिकेट बघायला, आणि महापौर व युनियनचे मोठे पुढारी फ्रँक कझिन्स यांना भेटून आला. बस कंपनी ज्या मूळ कंपनीच्या मालकीची होती, तिलाही बोलणी करायला लावलं. २८ ऑगस्ट १९६३ रोजी कंपनीने भेदभाव बंद केल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी तिकडे वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रसिद्ध भाषण झालं. सप्टेंबरात ब्रिस्टलच्या बसवर पहिला बिगरगोरा वाहक चढला. तो कॅरिबियन नव्हता, आपल्याकडचा शीख होता, रघबीर सिंग.

पोर्ट ऑफ स्पेनला, म्हणजे त्रिनिदादच्या राजधानीला, मात्र हे रुचलं नाही. आपल्या उच्चायुक्ताने न विचारता यजमानांच्या भांडणात उडी घेतली म्हणून विल्यम्स नाराज. फेब्रुवारी १९६४ मध्ये कॉन्स्टंटाइन त्या पदावरून बाहेर पडला.

मला हा माणूस इथे सर्वांत जास्त कळतो. मंत्रिपदाच्या पाच वर्षांत त्याने फायली हलवल्या, रस्ते केले, विरोधकांच्या टोमण्यांनी चिडला. सभागृहातली टीका त्याला झोंबायची, राजकारण्याला लागते ती गेंड्याची कातडी त्याच्याकडे नव्हती. निवडणुकीचं राजकारण त्याला जमलं नाही, असंच मी म्हणेन. पण नियमात न बसणारं ते ब्रिस्टलचं काम म्हणजे लिव्हरपूलचं टेबलच होतं. एका माणसाला नोकरी नाकारली, जा आणि बोल. ते त्याला येत होतं.

---

जहाजी

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. कामानिमित्त मी चार वर्षं त्रिनिदादला होतो, पॉइंट लिसासच्या औद्योगिक पट्ट्यात. धागा आवडला, पण थोडा गोऱ्या-काळ्यांतच अडकलाय. त्रिनिदादमध्ये तिसरा पक्षही आहे, आणि तो आपल्या रंगाचा आहे.

३० मे १८४५ ला 'फातेल रझाक' जहाजातून पहिले करारबद्ध मजूर तिथे उतरले. बहुतेक लोक कलकत्त्याहून चढलेले, आजच्या उत्तर प्रदेश-बिहारातले. (मराठी माणसं शोधायची असतील तर मॉरिशसला जा, इथे नाही सापडणार.) १९५६ च्या निवडणुकीत पीएनएम प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांचा पक्ष ठरला, आणि भदासे मराज यांच्या पक्षामागे हिंदू मतदार उभे राहिले. १९५८ मध्ये वेस्ट इंडिज संघराज्याच्या निवडणुकीत पीएनएमला फटका बसल्यावर विल्यम्स यांनी भाषणात भारतीयांना 'हेकट आणि शत्रुत्व बाळगणारे अल्पसंख्य' अशा अर्थाचे शब्द वापरले. माझ्या घरमालकीणबाई, सत्तरी ओलांडलेल्या, ते वाक्य काल ऐकल्यासारखं सांगायच्या. तेव्हा मंत्रिमंडळात कॉन्स्टंटाइनही होता ना? ब्रिस्टलमध्ये शीख वाहक बसवर चढला, छान झालं. पण घरच्या भारतीयांसाठी पक्षाध्यक्ष म्हणून तो काही बोलला का?

---

पारावरचा पंच

@जहाजी, बोचरं आहे, पण बरोबर आहे. मंत्रिमंडळात तो होता. त्या भाषणापासून त्याने स्वतःला जाहीरपणे वेगळं काढल्याचं माझ्या वाचनात नाही आणि मी त्याची वकिली करणार नाही. परदेशात अन्यायाविरुद्ध उभं राहणं वेगळं आणि आपल्याच नेत्याच्या शेजारी बसून तोंड उघडणं वेगळं. दुसरं फार थोड्यांना जमतं.

ट्युनापुनातल्या १७९ मतांकडे पुन्हा बघायला हवं, हे मात्र तुमच्यामुळे कळलं. मी ते "लोक कृतघ्न" या चालीवर लिहिलं होतं.

---

जहाजी

ट्युनापुना मिश्र गाव आहे हो. ईस्टर्न मेन रोडवर एका बाजूला डबल्सची, म्हणजे तिथल्या छोले-पुरीची, गाडी, जरा पुढे मशीद, मंदिर, चर्च सगळं. तिथे कोणालाच हजारोंचं मताधिक्य सहज मिळणार नाही. शिवाय हा माणूस पंचवीस वर्षं इंग्लंडात राहून आलेला. "साहेब झालाय, याला इथलं काय कळतं" असं म्हणणारे आपल्याकडे नाहीत का?

---

चिंचपोकळीकर

जेम्सचा उल्लेख कसा नाही? सी. एल. आर. जेम्स त्याच ट्युनापुनाचे, जन्मही १९०१ चाच. १९३२ मध्ये इंग्लंडला आले ते नेल्सनला कॉन्स्टंटाइनच्या घरीच उतरले. कॅप्टन सिप्रियानी या त्रिनिदादच्या पुढाऱ्यावरचं जेम्सचं पुस्तक छापायला पैसे कॉन्स्टंटाइननेच दिले. आम्ही स्वतःचा कारभार स्वतः करू शकतो, हा त्या लिखाणाचा गाभा. म्हणजे नेल्सनच्या प्रेक्षकांनी टाळ्यांसोबत दिलेला पैसा वेस्ट इंडिजच्या स्वराज्याच्या कामी आला!

त्रिनिदादच्या क्लबांची उतरंडही सांगायला हवी. क्वीन्स पार्क गोऱ्यांचा, मेपल उजळ कातडीच्या मध्यमवर्गाचा, शॅनन काळ्या कारकून-मास्तरांचा, स्टिंगो कष्टकऱ्यांचा. जेम्स रंगाने काळे, पण शिकलेले म्हणून मेपलमध्ये गेले आणि त्याचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला. कॉन्स्टंटाइन शॅननचा. आपल्या मुंबईच्या, धर्मावर संघ पाडलेल्या जुन्या चौरंगी-पंचरंगी सामन्यांची आठवण येते की नाही? फक्त तिथे धर्माऐवजी कातडीची छटा.

---

काळा डगला

चौरंगीचं नाव काढलंच आहे तर पाळवणकर बाळू. चांभार समाजातले, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखणारे, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी. हिंदू संघाकडून खेळताना चहा मातीच्या भांड्यात, बाहेर. कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही, ते पुढे धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. आणि १९३७ मध्ये बाळू काँग्रेसच्या तिकिटावर मुंबईत निवडणुकीला उभे राहिले ते थेट डॉ. आंबेडकरांसमोर. हरले.

कॉन्स्टंटाइनच्या पक्षाला देश मिळाला, सत्ता मिळाली, त्यामुळे त्याचं नाव राहिलं. बाळूंचं नाव कित्येक वर्षं क्रिकेटवाल्यांनाही आठवत नव्हतं.

---

दुपारची पाळी

बाळूंची तुलना अर्धीच पटते. ते हरले ते ज्यांच्यासमोर, ते कोण होते बघा. तिथे विल्यम्ससारख्याच्या पक्षाचा अध्यक्ष व्हायला जागाच नव्हती, उलट बाळू त्या बाजूला होते जिथे समाजातले पुष्कळ तरुण नव्हते. यावर वेगळा धागा काढा, इथे मारामारी होईल.

अवांतर: कॉन्स्टंटाइन भारतात आला होता हे माहीत आहे का कोणाला? १९३४ च्या अखेरीस हैदराबादला, मोइन-उद-दौला सुवर्णचषकात फ्रीलूटर्स या संघाकडून खेळायला. आणि त्याने नेल्सन सोडल्यावर तिथे व्यावसायिक म्हणून गेले ते आपले लाला अमरनाथ.

---

कोकमसरबत

मला एक प्रामाणिक प्रश्न आहे. पाच गिनी जिंकल्या, पण त्यानंतर पन्नासच्या दशकातसुद्धा लंडनमध्ये "काळ्यांना खोली नाही" अशा पाट्या होत्याच ना? मग त्या निकालाने नक्की काय बदललं?

---

काळा डगला

कायद्यात फारसं काही नाही. तो सरायवाल्याचा नियम हॉटेलापुरता, खोली भाड्याने देणाऱ्या घरमालकिणीला तो लागू नव्हता. ब्रिटनमध्ये वर्णभेदाविरुद्धचा पहिला कायदा आला १९६५ मध्ये, म्हणजे निकालानंतर एकवीस वर्षांनी. तोही हॉटेल, उपाहारगृह, वाहतूक अशा सार्वजनिक जागांपुरता. नोकरी आणि घरं त्यात आली १९६८ च्या कायद्याने.

---

पारावरचा पंच

आणि १९६५ चा कायदा राबवायला जे मंडळ नेमलं, त्याच्या पहिल्या तीन सदस्यांत एक कॉन्स्टंटाइन होता. मंडळाला दात नव्हते. तक्रार घ्यायची, दोन्ही बाजूंना बसवायचं, समेट घडवायचा. पुन्हा तेच टेबल! १९६७ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्याला रेक्टर (वसतिगृहाचा नव्हे, विद्यापीठातला विद्यार्थ्यांचा मानाचा प्रतिनिधी) निवडलं, पुढच्या वर्षी तो बीबीसीच्या नियामक मंडळावर गेला. १९६९ मध्ये लॉर्ड, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाचा सदस्य, तिथला पहिला काळा माणूस. पदवी घेताना दोन गावांची नावं जोडून घेतली: त्रिनिदादमधलं मराव्हल आणि लँकेशायरमधलं नेल्सन.

तोवर छातीच्या दुखण्याने तो खचला होता. लॉर्ड्सच्या त्या दुसऱ्या सभागृहात बोलला तो मार्च १९७१ मध्ये, ब्रिटन युरोपच्या बाजारपेठेत गेला तर कॅरिबियन देशांचं काय होईल यावर. १ जुलै १९७१ ला लंडनमध्ये गेला. त्रिनिदादला परत जायचं मनात होतं, ते राहिलं. विमानाने देह नेला, सरकारी इतमामात अंत्यविधी झाले आणि देशाचा तेव्हाचा सर्वोच्च सन्मान 'ट्रिनिटी क्रॉस' मरणोत्तर दिला. नॉर्माबाई त्यानंतर दोनच महिन्यांनी गेल्या.

---

सदाफुली

मला मंत्रिपदाबद्दल अजून वाचायचंय. पाच वर्षं म्हणजे थोडी नाहीत. काही उरलंय का त्याच्या कामाचं?

---

जहाजी

रस्ते आहेत, पण रस्त्यावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. रेल्वेचं सांगतो. त्याच्या खात्यात सरकारी रेल्वे होती, तोट्यातली, आणि सभागृहात तिच्यावरून त्याला सारखी उत्तरं द्यावी लागत. डिसेंबर १९६८ मध्ये ती कायमची बंद झाली, तेव्हा हा लंडनमध्ये होता. पोर्ट ऑफ स्पेनहून अरिमाकडे जाणाऱ्या रुळांच्या जागी आता फक्त बस आणि मॅक्सी टॅक्सींसाठी (तिथल्या मिनीबस) राखीव रस्ता आहे. लाल पट्ट्याच्या मॅक्सी सुसाट जातात. मी शनिवारी त्यानेच जायचो.

@चिंचपोकळीकर, सुभाष गुप्ते याच बेटावर राहिले, बायको तिथली, २००२ मध्ये गेलेही तिथेच. क्लबवर म्हातारे लोक अजून 'फर्गी' म्हणून त्यांच्या लेगस्पिनबद्दल बोलतात.

---

चिंचपोकळीकर

गुप्त्यांवर धागा काढाच आता. कॉन्स्टंटाइनची समाधी कुठे आहे? पोर्ट ऑफ स्पेनला?

---

जहाजी

नाही, अरुकाला. त्याच मॅक्सीने. ट्युनापुना गेलं की टाकारिग्वा, मग अरुका.